मॉनिटर ग्राफिक्स कार्डचं ऐकू लागला, त्यामागचा इतिहास

गेमिंग मॉनिटर घेताना १४४, १८०, २४० हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र उमटवतो) हे मोठे आकडे आधी डोळ्यांत भरतात. तपशिलात कुठेतरी ‘४८ ते १४४ हर्ट्झ’ अशी अॅडॅप्टिव्ह सिंकची, म्हणजे पडद्याचा वेग ग्राफिक्स कार्डशी जुळवून घेण्याची, रेंज लिहिलेली असते, ती क्वचितच कुणी वाचतं. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. असं का, ते मागचा इतिहास पाहिला की कळतं.

काचेच्या नळीचा जुना सीआरटी मॉनिटर ६० हर्ट्झवर लुकलुकतो, म्हणून बरेच जण तो ८५ वर लावायचे. एलसीडीत मागचा दिवा कायम पेटलेला असल्याने ही लुकलुक गेली आणि बहुतेक मॉनिटर ६० वरच स्थिरावले. २००९ च्या सुमारास १२० हर्ट्झचे एलसीडी आले, ते थ्रीडी चष्म्यासाठी. प्रत्येक डोळ्याला ६० चित्रं दाखवायची होती. थ्रीडीची हौस पुढे ओसरली, पण गेम खेळणाऱ्यांनी तो वेग सोडला नाही.

मूळ दुखणं मात्र तसंच राहिलं. ग्राफिक्स कार्डला प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, बनवायला कमी-जास्त वेळ लागतो आणि मॉनिटर ठरल्या ठेक्याने चालतो. चित्र अर्धं उमटलेलं असताना नवी फ्रेम आली की ते आडवं फाटलेलं दिसतं, हेच टिअरिंग. नवी फ्रेम पडद्याच्या पुढच्या ठेक्यापर्यंत रोखून धरणाऱ्या व्ही-सिंकने ते थांबतं, पण ६० हर्ट्झवर १६.७ मिलिसेकंदांची मुदत जराशी जरी हुकली तरी जुनीच फ्रेम ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते. खेळ अडखळतो, शिवाय माउस हलवल्यावर पडद्यावर हालचाल दिसायलाही उशीर होतो.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर करून हा क्रमच उलटवला: फ्रेम तयार होईपर्यंत मॉनिटरने थांबायचं. त्यासाठी मॉनिटरमध्ये खास मॉड्यूल लागायचं आणि किंमत चढायची. जानेवारी २०१४ मध्ये तिची प्रतिस्पर्धी एएमडी हिने तेच काम अशा मॉड्यूलविना, लॅपटॉपवर करून दाखवलं; या तंत्राचं नाव फ्रीसिंक. त्याच वर्षी मे महिन्यात पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संघटनेने मॉनिटर जोडणीच्या डिस्प्लेपोर्ट १.२ए या मानकात अॅडॅप्टिव्ह सिंक ऐच्छिक म्हणून घेतलं आणि २०१५ मध्ये फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले.

ते स्वस्त पडले, पण रेंज किती ठेवायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवू लागली. मेख इथेच आहे. समजा, गेम सेकंदाला ४५ फ्रेमवर घसरला. ४८ ते १४४ च्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून ९० हर्ट्झवर काम भागतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीने ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमध्ये आणलेलं एलएफसी (लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन) ते हेच. ४८ ते ७५ च्या मॉनिटरवर ९० बसतच नाहीत, त्यामुळे अॅडॅप्टिव्ह सिंक सुटतं आणि टिअरिंग किंवा अडखळणं परत येतं. म्हणजे ज्या क्षणी गरज सर्वांत जास्त, नेमकी तेव्हाच सोय गायब! म्हणून रेंजचं वरचं टोक खालच्याच्या निदान दुप्पट, शक्यतो अडीचपट हवं.

जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ग्राफिक्स कार्डवर अॅडॅप्टिव्ह सिंकच्या मॉनिटरनाही दार उघडलं. तेव्हा तपासलेल्या सुमारे ४०० पैकी फक्त १२ मॉनिटर तिच्या कसोटीला उतरले. २०२० मध्ये आलेल्या एएमडीच्या फ्रीसिंक प्रीमियम या वरच्या शिक्क्याने एलएफसी सक्तीचं केलं. साध्या फ्रीसिंकच्या शिक्क्याला ती अट नव्हती.