नॅन तपासणीतून निसटतो कसा?

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत सगळ्यात मोठा आकडा शोधणाऱ्या ‘मॅक्स’ला आधी ३ आणि मग नॅन (‘नॉट अ नंबर’, म्हणजे ‘हा आकडा नाही’ अशी खूण) दिला, तर उत्तर ३ येतं. क्रम उलटा केला की उत्तर नॅन! आकडे तेच, प्रश्न तोच, तरी उत्तर बदलतं.

शून्याला शून्याने भागलं, अनंतातून अनंत वजा केला किंवा ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं, तर प्रोसेसर काय उत्तर देणार? १९८५ साली आलेल्या आयईईई ७५४ या संगणकातल्या दशांश आकडेमोडीच्या मानकाने त्यासाठी नॅन नावाची खास किंमत ठेवली. या मानकामागचे प्रमुख गणिती विल्यम कहान यांना १९८९चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नॅनमध्ये काहीही मिळवा, गुणा, उत्तर नॅनच येतं. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण मध्येच बिघडलेलं गणित शेवटी साळसूद आकडा होऊन बाहेर पडत नाही.

अडचण येते ती तुलनेत. नॅन कशाहूनही लहान नाही, मोठा नाही, कशाइतकाही नाही. अगदी स्वतःइतकासुद्धा नाही. ‘मॅक्स’ हातातला आकडा तेव्हाच सोडतो, जेव्हा पुढचा त्याहून मोठा ठरतो. नॅनशी केलेली अशी तुलना कायम खोटी, म्हणून जो आधी आला तोच टिकतो.

वर्गमूळ काढण्याआधी आपण सहज लिहितो, ‘क्ष शून्याहून लहान असेल तर चूक दाखव.’ नॅन इथून बिनबोभाट आत जातो. तीच अट ‘क्ष शून्याइतका किंवा त्याहून मोठा नसेल तर चूक दाखव’ अशी फिरवली की तो दारातच अडतो. लॅपॅक या जुन्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या गणिती लायब्ररीत चोलेस्की पद्धतीने मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) फोडताना कर्णावरचा आकडा शून्य किंवा ऋण आहे का हे पाहतात आणि तो नॅन आहे का, हे वेगळं पाहतात. दुसरी तपासणी नसती, तर नॅनचं वर्गमूळ निघून पुढचे सगळे स्तंभ नासले असते.

मग प्रत्येक इनपुट आधीच का तपासू नये? सायपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीतल्या मॅट्रिक्स फंक्शनांत ही तपासणी मुळातच चालू असते. बंद केल्यास प्रोग्रॅम कोसळू शकतो किंवा संपतच नाही, असा इशाराही तिथे दिलेला आहे. १००० बाय १००० मॅट्रिक्समध्ये १० लाख आकडे असतात, तर समीकरणं सोडवायला सुमारे ६७ कोटी क्रिया लागतात. त्यापुढे तपासणीचा खर्च किरकोळ आहे. तीन बाय तीनची लाखो मॅट्रिक्स एकेक करून सोडवायची असतील, तर मात्र तो जाणवतो. तिथे सगळा डेटा बाहेरच एकदा गाळून घेणं बरं.

सगळ्यात घातक प्रकार कंपायलरकडून, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमकडून होतो. वेग वाढवण्यासाठी ‘फास्ट-मॅथ’ पर्याय लावला, की कंपायलर नॅन कधी येणारच नाही असं धरून चालतो आणि आपण काळजीपूर्वक लिहिलेली नॅनची तपासणी निरर्थक समजून काढून टाकू शकतो. कोडमध्ये ओळ दिसते, चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती नसते. म्हणून मुद्दाम नॅन देऊन केलेली चाचणी अंतिम बिल्डवर (तयार झालेल्या प्रोग्रॅमवर), त्याच पर्यायांसह चालवायला हवी.