शिक्षकांनी कधी बोलावं?

एक दोरा, तीन लोखंडी नट, मोजपट्टी आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. सातवीतल्या चार मुलांच्या गटापुढे एवढं सामान ठेवा आणि विचारा, लंबकाचा झोका लवकर पुरा होणार की उशिरा, हे कशावर ठरतं? पहिली दोन मिनिटं दोरा कोणी धरायचा आणि घड्याळ कोणाकडे, यावरून कल्ला होतो. मग मुलं २० सेंटिमीटर दोऱ्याला एक नट बांधून १० झोके मोजतात. साधारण ९ सेकंद लागतात. त्यानंतर ८० सेंटिमीटर दोरा घेऊन त्याला तीन नट लावतात. १८ सेकंद! चेहरे खुलतात आणि वहीत निष्कर्ष उतरतो : वजन वाढलं की झोका सावकाश होतो.

निष्कर्ष चुकीचा आहे. झोके लहान असतील तर त्यांच्या वेळेचा वजनाशी संबंध नसतो. फरक पडला तो दोऱ्याच्या लांबीमुळे. मुलांनी लांबी आणि वजन एकाच वेळी बदललं, त्यामुळे कशाचा परिणाम कोणता हे कळायला वाटच उरली नाही. तरीही या मुलांनी तासभर मन लावून काम केलं होतं. त्यांतल्या कोणालाही विचारलं असतं, तर आजचा तास सगळ्यांत छान झाला असंच उत्तर आलं असतं.

मुलांनी स्वतः शोधून शिकावं असं मानणाऱ्या स्वयंशोधन पद्धतीबद्दलचा साठ वर्षांचा वाद या एका वहीच्या पानावर मावतो. मूल रमलं, पण शिकलं का? आणि शिकलं नसेल, तर चूक शोधण्यात होती की शोधायला सोडण्याच्या रीतीत?

जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये एका लेखात या पद्धतीची बाजू फार ताकदीने मांडली. स्वतः शोधलेलं ज्ञान मुलाला आपलं वाटतं, हवं तेव्हा आठवतं, आणि शाबासकीपेक्षा शोधण्याचाच आनंद त्याला पुढे नेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासक्रमांवर या विचाराची छाप पडली. मात्र त्याच लेखात त्यांनी असंही लिहिलं होतं, की शोध लागतो तो तयारी झालेल्या मनाला. हा भाग मागे पडला, आणि माझ्या मते पुढच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ तिथेच आहे. पद्धतीचं नाव राहिलं, तयारीची अट गळून पडली.

रिचर्ड मायर या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये तीन दशकांचे अभ्यास पुन्हा चाळले. साठच्या दशकात कोडी सोडवण्याचे नियम, सत्तरच्या दशकात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या पद्धतीच्या राशी टिकून राहण्याच्या संकल्पना (पाणी उंच पेल्यात ओतलं तरी तेवढंच राहतं, अशा), ऐंशीच्या दशकात लोगो ही संगणकभाषा. तिन्ही वेळा मुलांना पूर्ण मोकळं सोडल्यावर ती अपेक्षेइतकी शिकली नाहीत, आणि थोडी दिशा दिलेली मुलं पुढे गेली. मायर यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. ज्ञान डोक्यात रचलं जातं हे खरं, पण म्हणून हात चालू असले की डोकं चालतंच असं नाही. शांत बसून एखादं उदाहरण समजून घेणारं मूलही आत खूप काही करत असतं.

त्याच वर्षी डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आपल्या लंबकाच्या गटाची चूक जणू त्यांनी भिंगाखाली धरली. तिसरी-चौथीच्या ११२ मुलांना त्यांनी उतारावरून चेंडू सोडायला दिले. उताराचा चढ, पृष्ठभाग, चेंडूचा प्रकार, चेंडू कुठून सोडायचा, हे सगळं बदलता येत होतं. शिकायचं होतं ते एवढंच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. एका गटाला हे उदाहरणांसह समजावून सांगितलं. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ आणि तेच सामान मिळालं, पण कोणी काही सांगितलं नाही. समजावलेल्या गटात ७७ टक्के मुलं हे तंत्र पक्कं शिकली, मोकळ्या गटात २३ टक्के.

निकालाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. ज्या थोड्या मुलांनी हे तंत्र स्वतः शोधलं, ती नंतर इतरांच्या प्रयोगांतल्या चुका ओळखण्यात समजावलेल्या मुलांच्या बरोबरीने उतरली. स्वतः शोधलेलं जास्त खोल जातं ही अपेक्षा तिथे पुरी झाली नाही, तसं सांगितलेलं वरवरचं राहतं ही भीतीही खरी ठरली नाही.

असं का होत असावं? आपण एखादी गोष्ट मनात धरून तिच्यावर विचार करतो, त्या जागेला कार्यकारी स्मृती म्हणतात. ही जागा फार छोटी असते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या २००१ मधल्या मांडणीनुसार तिथे एका वेळी चारेक गोष्टी मावतात. लंबकापुढे बसलेल्या मुलाला झोके मोजायचे आहेत, घड्याळाकडे बघायचं आहे, मागचा आकडा ध्यानात ठेवायचा आहे, शेजारच्याशी वादही घालायचा आहे. त्यातच आपल्या प्रयोगाची आखणी बरोबर आहे का, हे तपासायला जागा कुठून येणार? मोठ्यांना ते सोपं वाटतं, कारण त्यातलं निम्मंअधिक त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून नवशिक्याला सोडवून दाखवलेली उदाहरणं फार उपयोगी पडतात. त्याच मुलाला विषयात गती आली की तीच उदाहरणं अडचण होऊ लागतात आणि मोकळीक फायद्याची ठरते. एकच पद्धत एकाच मुलाला जूनमध्ये जड जाईल आणि जानेवारीत मानवेल, इतका हा मामला बदलता आहे.

आता रमण्याबद्दल. शिक्षणशास्त्रात विद्यार्थ्यांच्या सहभागाचे तीन पदर मानतात : वागण्यातला, भावनेतला आणि विचारातला. हात वर करणं, गटात काम करणं हा पहिला. आवड, उत्सुकता हा दुसरा. अवघड जागी न सोडता झुंजणं, आपलंच उत्तर तपासून पाहणं हा तिसरा. वर्गाच्या दारातून पाहणाऱ्याला पहिले दोन चटकन दिसतात, आणि स्वयंशोधनात ते दोन्ही भरभरून असतात. शिकणं मात्र मुख्यतः तिसऱ्यावर अवलंबून असतं, आणि तो बाहेरून दिसत नाही.

२०१५ च्या पिसा चाचणीत, म्हणजे १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत, हीच फारकत दिसली. वर्गात वारंवार प्रयोग आणि शोधकाम होतं असं सांगणाऱ्या मुलांना विज्ञानात त्यामुळे जास्त गुण मिळालेले दिसले नाहीत. बऱ्याच देशांत उलट कमी मिळाले. पण विज्ञान म्हणजे तपासून पाहणं ही जाण त्यांच्यात जास्त होती, आणि पुढे विज्ञानाशी निगडित काम करण्याची इच्छाही. अशा आकड्यांतून कारण थेट सिद्ध होत नाही. मागे पडलेल्या वर्गांतच शिक्षक जास्त उपक्रम घेत असतील, हीही शक्यता राहते. तरी ओढ आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून नक्की घ्यावं. ओढ मला दुय्यम वाटत नाही. तेराव्या वर्षी विज्ञानाचा कंटाळा आलेल्या मुलाला पंधराव्या वर्षी चांगले गुण मिळालेही, तरी त्यानंतर तो त्या वाटेला जाणार नाही.

उलटा प्रकारही घडतो. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः प्रश्नांशी झटणारे विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना मात्र आपल्याला जास्त कळल्यासारखं वाटलं. डोक्याला पडणारा ताण त्यांनी न समजण्याची खूण मानला. म्हणून वर्गाला ‘कळलं का?’ विचारून आलेल्या होकारावर विसंबून चालत नाही.

मग निकाल कोणाच्या बाजूने? २०११ मध्ये लुई अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी १६४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चित्र बरंच स्पष्ट झालं. विनामदत शोधणाऱ्या मुलांपेक्षा शिकवलेली मुलं पुढे होती. फरक असा, की गुणांनुसार रांग लावली तर शिकवलेल्या गटातलं मधलं मूल मोकळ्या गटातल्या शंभरांपैकी सुमारे ६५ मुलांच्या पुढे. पण शोधताना इशारे, मधूनमधून प्रतिसाद, सोडवलेली उदाहरणं आणि ‘तुला असं का वाटतं?’ हा प्रश्न मिळाला, तर पारडं फिरतं. असा आधार देऊन शोधू दिलेली मुलं इतर पद्धतींनी शिकलेल्यांच्याही पुढे गेली. तिथलं मधलं मूल त्या इतरांमधल्या शंभरांपैकी सुमारे ६२ जणांच्या पुढे होतं. म्हणजे वाद ‘शिकवायचं की शोधू द्यायचं’ असा मांडला, की तो मांडतानाच चुकतो.

कधी बोलावं, हा खरा प्रश्न. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना एक नवं खेळणं दिलं होतं. त्यात चार करामती दडलेल्या होत्या. ‘हे असं चालतं’ म्हणून एक करामत मुद्दाम दाखवली, की मुलं तेवढीच करत राहिली. ज्यांना काही शिकवलं नव्हतं, त्यांनी खेळणं जास्त उलटंपालटं करून बाकीच्या करामतीही हुडकल्या. मोठ्या माणसाने दाखवलं म्हणजे दाखवण्यासारखं तेवढंच असणार, असा मुलांचा हिशेब, आणि तो अगदी शहाणपणाचा आहे. लवकर बोललं की शोध थांबतो.

मनू कपूर यांनी सिंगापूरमध्ये नववीच्या मुलांबरोबर केलेलं काम मला यातलं सगळ्यांत आशादायक वाटतं. फुटबॉलपटूंच्या वर्षावर्षाच्या गोलांची यादी देऊन त्यांनी विचारलं, सर्वांत सातत्याने खेळणारा कोण? प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत हे सांगणारं माप, मुलांना शिकवलेलं नव्हतं. त्यांनी आलेख काढले, सरासऱ्या घेतल्या, नाना सूत्रं रचली. बरोबर सूत्र बहुतेकांना सापडलं नाही. त्यानंतर शिक्षकांनी मुलांच्याच उत्तरांचा धागा धरून संकल्पना समजावली. आधी समजावून मग गणितं सोडवलेल्या मुलांइतकीच आकडेमोड यांनाही जमली, पण संकल्पना कळण्यात आणि नव्या प्रश्नाला ती लावण्यात ही मुलं सरस ठरली. कपूर याला फलदायी अपयश म्हणतात. आपली सूत्रं कुठे अडतात हे ठाऊक झालेल्या मुलाला शिक्षकांच्या सांगण्यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते कळतं. मात्र नंतरचं समजावणं गाळलं, तर उरतं ते नुसतं अपयश.

लंबकाकडे परत जाऊ. चांगले शिक्षक ती चुकीची ओळ लगेच खोडत नाहीत. ते शेजारच्या गटाची वही आणून बाजूला ठेवतात. त्या गटाने ८० सेंटिमीटरला एकच नट लावला होता आणि त्यांनाही १८ सेकंदच मिळाले होते. मुलं दोन्ही वह्या पाहतात. ‘मग वजनाने काय केलं?’ एवढंच शिक्षक विचारतात. सामान मांडतानाच त्यांनी आणखी एक काळजी घेतलेली असते. सगळे नट एकाच हुकाला शेजारी शेजारी अडकवायचे, एकाखाली एक नाही. माळ केली तर वजनाचा मध्य खाली सरकतो, लंबक लांब होतो आणि मुलांची चूक खरी ठरल्यासारखी दिसते. हे मुलांनी स्वतः शोधावं असा आग्रह धरला, तर तास तिथेच अडकून पडेल. काय आधीच सांगून टाकायचं आणि काय राखून ठेवायचं, ही निवड शिक्षकांचं सगळ्यांत बारीक काम आहे, आणि त्यासाठी विषय फार चांगला ठाऊक असावा लागतो.

मुलं पुन्हा मोजतात, या वेळी एकेक गोष्ट बदलून. वजन बाद होतं, लांबी उरते. आता शिक्षक फळ्याजवळ जातात आणि पाच मिनिटं सरळ समजावतात : लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट होतो, २० चे ८० झाले तेव्हा ९ चे १८ झाले ते यामुळेच. मग ते घड्याळ हातात घेतात आणि विचारतात, १० झोके बरोबर १० सेकंदांत हवे असतील, तर दोरा किती लांब घ्याल? २० ला ९ लागतात, म्हणजे थोडा जास्त, असं कोणी म्हणतं. कोणी वहीत आकडेमोड करू लागतं. एक मुलगी मोजपट्टीवर २५ च्या रेषेला बोट ठेवते, नटाच्या मध्यापर्यंत माप घेते, दोरा चिमटीत धरते आणि घड्याळवाल्याला म्हणते, ‘हं, सुरू कर.’