एन्झाइम उत्प्रेरक मागवण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे जिवाणू टाकीत वाढवले जातात, त्यांनी तयार केलेले एन्झाइम (रासायनिक अभिक्रिया घडवून आणणारे, म्हणजे उत्प्रेरकाचे काम करणारे प्रथिन) वेगळे काढले जाते आणि रेझिनच्या बारीक दाण्यांवर पक्के बसवले जाते. तुमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये जातात ते हे दाणे. ते जिवंत नसतात, वाढत नाहीत. बॅच संपली की गाळून पुन्हा वापरायचे.

एन्झाइमचा खरा फायदा वेगापेक्षा नेमकेपणात आहे, असे आमचे मत आहे. पॉलिमर बनवायला लागणाऱ्या अ‍ॅक्रिलामाइड या रसायनाचे उदाहरण घ्या. अ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून ते तांब्याच्या उत्प्रेरकाने करताना तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते आणि शेवटी तांबे व उरलेला कच्चा माल काढून टाकावा लागतो. जपानमध्ये १९८५ साली हेच काम र्‍होडोकॉकस जिवाणूच्या पेशींकडून औद्योगिक प्रमाणावर करून घ्यायला सुरुवात झाली. त्यांतील नायट्राइल हायड्रेटेज हे एन्झाइम १० अंशांखालीही काम करते आणि कच्चा माल जवळजवळ शिल्लकच ठेवत नाही. शुद्धीकरणाचे टप्पे कमी होतात, बचत होते ती तिथे.

आता थोडे सविस्तर, कारण सर्वाधिक अडचणी इथे येतात. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन या प्रतिजैविकांसाठी लागणारा मधला पदार्थ, ६-एपीए, पूर्वी पेनिसिलिन-जीपासून उणे ४० अंशांवर, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि डायक्लोरोमिथेन वापरून काढत. ई. कोलाय जिवाणूचे पेनिसिलिन अ‍ॅसिलेज हे एन्झाइम तेच काम पाण्यात, कोमट तापमानाला, एका टप्प्यात करते. पण अभिक्रियेत फिनाइल अ‍ॅसिटिक आम्ल सुटते आणि पीएच (आम्लता-अल्कतेचे माप) घसरतो. तो ८ च्या आसपास टिकवायला अल्कली घालत राहावी लागते. अल्कली एकदम ओतली, तर ती पडते तिथे क्षणभर पीएच फार चढतो; एन्झाइम तर बिघडतेच, तयार झालेले ६-एपीएही तुटते. म्हणून सौम्य अल्कली, हळू डोसिंग आणि चांगले मिसळणे हवे. मात्र ढवळणीची पाती जोरात फिरली तर दाणे भरडले जातात, भुगा गाळणीत अडकतो. या दोन्हींचा मेळ ट्रायलमध्येच बसवून घ्या. तो नीट बसला की दाण्यांचा एकच भरणा कित्येक बॅच चालतो.

म्हणूनच एन्झाइमचा दर किलोला किती, हे विचारून निर्णय घेऊ नका. एक किलो उत्पादनामागे एन्झाइमचा खर्च किती येतो, ते बघा. डब्यावर लिहिलेल्या युनिटचेही तसेच. एक युनिट म्हणजे ठरवून दिलेल्या परिस्थितीत मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ बदलण्याची क्षमता. ती चाचणी प्रमाणित पदार्थावर होते, तुमच्या कच्च्या मालावर नाही.

प्रत्येक अभिक्रियेसाठी तयार एन्झाइम मिळतेच असे नाही. अशा वेळी एन्झाइमच्या जनुकात बदल करत, चांगले निघेल ते निवडत जाण्याचा मार्ग आहे. या पद्धतीसाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सिटाग्लिप्टिन या मधुमेहावरील औषधासाठीचे ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम असेच घडवले गेले. मूळ एन्झाइम तो कच्चा माल स्वीकारतच नव्हते. सुधारलेले एन्झाइम निम्मा भाग डीएमएसओ हा सॉल्व्हंट (द्रावक) असलेल्या मिश्रणातही टिकते. हा मार्ग वेळखाऊ आणि महाग आहे. उत्पादन थोडे असेल तर आम्ही तो सुचवत नाही.

दाणे २ ते ८ अंशांवर ठेवा. गोठवू नका, सुकू देऊ नका. जड धातू, ब्लीच आणि धुण्याची रसायने यांपासून दूर ठेवा. एन्झाइम पावडर स्वरूपात घेत असाल तर धूळ उडू देऊ नका, मास्क वापरा. १९६० च्या दशकात डिटर्जंट कारखान्यांतील कामगारांना एन्झाइमच्या धुळीमुळे दमा झाला होता. याबाबतीत आम्ही कोणतीही सवलत मानत नाही.

चौकशी करताना कच्च्या मालाचा थोडा नमुना, त्यातील अशुद्धींची माहिती, सध्याचा सॉल्व्हंट, तापमान आणि बॅचचा आकार कळवा. आधी तुमच्या मालावर छोटी चाचणी घेऊ. एन्झाइम चालणार नसेल, तर तसे स्पष्ट सांगू.