डोळे आलेत की बुबुळाला जखम झाली आहे?

पावसाळ्यात कुणाचा डोळा लाल दिसला की घरात निदान लगेच होतं: डोळे आले. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. 2023च्या पावसाळ्यात आळंदीत आणि मग राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा हेच सगळ्यांनी पाहिलं. पण ऊस तोडताना पात लागलेला किंवा मळणीत कुसळ गेलेला डोळाही लालच होतो. त्यालाही ‘डोळे आलेत’ म्हणून कपाटातले जुने थेंब घातले जातात, आणि तिथे घात होतो.

डोळे येतात तेव्हा सुजतो तो पांढऱ्या भागावरचा आणि पापण्यांच्या आतला पातळ पडदा. साथीतलं हे दुखणं बहुधा विषाणूमुळे होतं. एका डोळ्यात सुरू होऊन एक-दोन दिवसांत दुसऱ्यात जातं. पाणी येतं, खुपतं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. घरातल्या आणखी कुणालातरी झालेलं असतंच. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून पापण्या पुसाव्यात, बंद डोळ्यांवर गार पट्टी ठेवावी, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा, हात धुवावेत. घरी करण्यासारखं एवढंच.

बुबुळाची गोष्ट वेगळी. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. उसाचं पात, भाताचं तूस, गवताची काडी लागून त्यावर ओरखडा उठला की जंतूंना वाट मिळते. आपल्याकडे शेतातल्या अशा जखमांमध्ये बुरशीचा संसर्ग बराच आढळतो, आणि बुरशी सावकाश वाढते. लागलं त्या दिवशी थोडं खुपतं, माणूस पाणी मारून कामाला लागतो. काही दिवसांनी डोळा ठणकू लागतो, उजेड सोसत नाही, धुरकट दिसतं. तोवर लागल्याचं विसरायलाही झालेलं असतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपणाऱ्यांना किंवा त्या नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांना शेतात न जाताही अशीच जखम होऊ शकते. ही जखम भरली तरी पांढरा डाग मागे राहू शकतो. डोळ्यात फूल पडलं म्हणतात, ते हेच. फूल बरोबर मधोमध पडलं, तर नजर जाते.

म्हणून लाली किती आहे यावर जाऊ नका. नजर तपासा. चांगला डोळा तळहाताने झाका आणि लाल डोळ्याने समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या तारखा वाचा. डोळे आलेले असतील तर चिकटा पुसल्यावर, दोन-चारदा पापण्या मिटल्यावर आकडे बहुधा स्वच्छ दिसतात. पुसूनही धूसरच राहिले, तर थांबायचं नाही. मग बाजूने बॅटरीचा उजेड पाडून काळ्या भागावर पांढरट ठिपका दिसतो का ते बघा. मात्र ठिपका दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. लहान ओरखडा डॉक्टरांनाही हिरवा दिसणारा रंग घालून, निळ्या उजेडातच नीट दिसतो. साथीच्या दुखण्यातही कधीकधी बुबुळावर बारीक डाग येऊन अंधूक दिसतं. तेव्हा अंधूक दिसणं, ठणका आणि उजेड न सोसणं यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

आता थेंबांबद्दल, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. मेडिकलमधून ‘डोळ्याचे थेंब द्या’ म्हणून आणलेल्या बाटलीत बऱ्याचदा प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलंय का ते वाचा. स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, घरच्यांना वाटतं गुण आला, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. हर्पीसच्या विषाणूने झालेली जखमही याने चिघळते. स्वतःच्या मनाने असे थेंब महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. बुरशीवर नॅटामायसिनसारखं वेगळं औषध लागतं, तेही जखमेचा नमुना तपासून. मध, तूप, आईचं दूध, गुलाबपाणी यातलं काहीही जखमेत घालू नका.

शेतात काही लागलं तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका. रुतलेलं कुसळ पदराच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने काढायला जाऊ नका. नुसतं खुपत असलं तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा. नेपाळमधल्या भक्तपूरला झालेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओरखडा उठल्यापासून 18 तासांच्या आत प्रतिजैविक मलम सुरू केलेल्या कुणालाही पुढे अल्सर, म्हणजे बुबुळावरची चिघळलेली जखम, झाला नव्हता. चुना किंवा फवारणीचं औषध उडालं असेल तर आधी किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली पापण्या उघडून धरा, मग निघा. महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल तर घरी काहीच करून बघू नका, लगेच न्या.

डॉक्टरांकडे जाताना आधी वापरलेली बाटली सोबत घ्या, अर्धी उरलेली असली तरी. आणि डोळ्याला काय लागलं होतं, पात, तूस की माती, ते त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा.