पुसूनही न जाणारं धुकं आणि डॅशबोर्डमागची बॅटरी

जुन्या गाडीत हीटर लावला की काच आतून धुरकट होते, पुसली की तेलकट फराटे, वर केबिनमधे गोडसर वास. मग हमखास सल्ला येतो, एसीचा ड्रेन (पाणी बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल. बघा जरूर, पण एसीचं पाणी चिकट नसतं हो! हे कूलंट आहे, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, हीटर कोअरमधून झिरपणारा. हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागे दडवलेला पिटुकला रेडिएटर, इंजिनातून आलेल्या गरम कूलंटवर केबिनची हवा तापवणारा.

कूलंट साधारण अर्धं पाणी, अर्धं इथिलीन ग्लायकॉल. पाणी 100 अंशाला उकळतं, ग्लायकॉल 197 ला, म्हणून काचेवरचं पाणी उडून जातं आणि ग्लायकॉल तिथेच बसतं, शिवाय हवेतली ओल ओढत राहतं.

आता भोक पडतं कसं, ही खरी गंमत. नळी घासून झिजली असं नसतं बहुतेक वेळा. इंजिनाचा लोखंडी ब्लॉक, त्यावरचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड, खूप जुन्या गाडीत तांब्या-पितळेचा कोअर आणि त्याला सोल्डर, आणि सगळ्यांना भिजवणारा एकच द्रव, म्हणजे शाळेतला व्होल्टाचा सेलच की, वेगवेगळे धातू एका द्रवात बुडवून केलेली बॅटरी, जिच्यात एक धातू झिजत जातो! कूलंटमधली गंजरोधक रसायनं हे थोपवून धरतात, पण ती वर्षानुवर्षं खर्च होतात आणि ग्लायकॉलचं हळूहळू आम्ल बनतं (रंग मात्र तसाच छान हिरवागार, त्यावर जाऊ नका). कोअर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याला वाचवतो तो ऑक्साईडचा अतिपातळ पापुद्रा. नळाच्या पाण्यातलं क्लोराईड तो एखाद्या ठिकाणी फोडतं, तिथे धातू विरघळतो, सुटलेले अ‍ॅल्युमिनियमचे आयन पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन खड्ड्यातच आम्ल करतात, आम्लाने खड्डा खोल, खोल खड्ड्यात आणखी आम्ल. म्हणून बाकीची नळी धडधाकट आणि एकाच जागी सुईएवढं भोक.

बाटलीतलं 'जादुई' लीक-स्टॉप? त्यातले कण भोकात अडकतात हे खरं, पण ते बारीक नळ्यांतही अडकतात, मग गळती थांबते आणि हीटरही थंड पडतो. तात्पुरतं भागवायचं तर कोअरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) एकमेकांना जोडून बायपास करतात, अर्थात मग काचेवर गरम हवा विसरा. पक्का इलाज कोअर बदलणं. पार्ट छोटासा, पण बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, सगळा वेळ त्यात जातो.

इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका, दाबाखालचं कूलंट 100 च्या वर असूनही उकळलेलं नसतं, झाकण निघताच भसकन उकळून अंगावर येतं. सांडलेलं लगेच पुसा, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात, मांजरंही तोंड लावतात, आणि ते विष आहे. आणि काढलेलं जुनं कूलंट गाळून नव्या कोअरमधे परत ओतायचा मोह आवरा, सिस्टीम फ्लश करून डिस्टिल्ड वॉटरमधलं ताजंच भरा.