खोक्यावर न छापलेले: नवा मोबाइल घेणे अवघड कसे होत गेले

नवा मोबाइल घ्यायला गेलेल्या माणसाची आज दुकानात जी दमछाक होते, तिचे खापर बहुतेक वेळा त्याच्याच अज्ञानावर फोडले जाते. रॅम किती हवी, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, फाइव्ह-जी हवा का, रोख घेणार की हप्त्यावर, जुना फोन एक्सचेंजला देणार का, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि गिऱ्हाईक गोंधळून घरातल्या एखाद्या तरुणाला फोन लावते. या अनुभवामागचा इतिहास पाहिला, तर मात्र दोष गिऱ्हाइकाकडे जात नाही. गेल्या तीस वर्षांत भारतात मोबाइल विकण्याची पद्धत अनेकदा मुळापासून बदलली, आणि फोन पुढे किती उपयोगी पडेल हे ज्या गोष्टीवर ठरते, नेमकी तीच गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी खरेदीच्या क्षणी नजरेआड राहिली.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला, तेव्हापासून या व्यवसायाचा हिशेब मांडतात. मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच या दोन सेवा त्याच सुमारास आल्या. त्या काळी बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात जाई आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत, त्यामुळे अडचण होती ती परवडण्याची, निवडण्याची नव्हे. हँडसेट परदेशातून येत आणि त्यांच्यावरचे कर जड असत. त्यातूनच मनीष मार्केट आणि हिरा पन्ना यांसारख्या मुंबईच्या बाजारांत ‘बिलासकट की बिलाशिवाय’ हा प्रश्न रूढ झाला. बिलाशिवाय घेतलेला तोच हँडसेट स्वस्त पडे. पण तो बिघडला की वॉरंटी मागायला जायला जागा नसे. खरेदीत वाचवलेला पैसा कोणत्या जोखमीच्या बदल्यात वाचला आहे, हे निदान त्या गिऱ्हाइकाला ठाऊक असे. पुढच्या काळात ही स्पष्टता उरली नाही.

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांना ठरावीक परवाना शुल्काऐवजी महसुलातला वाटा देण्याची मुभा दिली, दर उतरू लागले, आणि मे २००३ पासून आलेला कॉल मोफत झाला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून सीडीएमए या तंत्रज्ञानावर चालणारा हँडसेट घरी नेण्याची योजना आणली. ज्या घरांनी तोवर मोबाइलचा विचारही केला नव्हता, त्या घरांत फोन पोहोचला, आणि त्याचे श्रेय त्या योजनेला द्यायलाच हवे. पण त्या हँडसेटमध्ये सिमकार्ड नव्हते. नंबर थेट फोनमध्येच भरलेला असे. कंपनी बदलायची तर फोनही टाकून द्यायचा, ही अट खोक्यावर कुठे लिहिलेली नव्हती. २० जानेवारी २०११ ला नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, तेव्हा सीडीएमए सोडून सिमकार्डावर चालणाऱ्या जीएसएम तंत्रज्ञानाकडे जाणाऱ्याला नंबर नेता आला, हँडसेट मात्र नेता आला नाही.

याच २००३ साली आलेला नोकिया ११०० हा या इतिहासातला वेगळा टप्पा आहे. भारतासारख्या देशांतली धूळ, घाम आणि वीजकपात डोळ्यांपुढे ठेवून तो बनवला होता: बटणांवर सलग रबरी आच्छादन, हातातून निसटू नये अशी कड आणि वर टॉर्च. जगभरात त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग विकले गेले. त्याचे मोठेपण मला आणखी एका गोष्टीत दिसते. त्या फोनविषयी जाणून घेण्यासारखे जे होते, ते सगळे हातात घेतल्यावर कळत होते. मागचे झाकण अंगठ्याने सरकवले की बॅटरी बाहेर येई आणि कोणत्याही गावातल्या दुकानात तिची जागा घेणारी दुसरी मिळे.

या साध्या सोयीचे मोल ऑगस्ट २००७ मध्ये कळले. मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या बीएल-५सी या बॅटऱ्यांपैकी काही चार्ज होताना जास्त तापू शकतात, असे नोकियाने जाहीर केले. संशयित बॅटऱ्यांची संख्या होती चार कोटी साठ लाख. भारतात घबराट उडाली, सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या. तरीही उपाय एवढाच होता की बॅटरी काढायची, तिच्यावरचा क्रमांक तपासायचा आणि गरज असेल तर बदलून घ्यायची. फोन मालकाजवळच राहिला. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा बॅटरी फोनच्या आत बंदिस्त असल्यामुळे कंपनीला आख्खे फोन परत मागवावे लागले आणि अखेर ते मॉडेलच बंद करावे लागले. मधल्या काळात फोन सडपातळ झाले, पाण्यापासून सुरक्षित झाले, आणि त्या बदल्यात बॅटरीवरचा मालकाचा ताबा गेला. हा सौदा गिऱ्हाइकासमोर सौदा म्हणून कधी मांडला गेला नाही.

आयएमईआयचा प्रसंग तर अधिक क्लेशकारक होता. प्रत्येक हँडसेटला पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो. २००८-०९ च्या सुमारास चीनमधून आलेले दोन सिमांचे, मोठ्या आवाजाचे, स्वस्त फोन बाजारात भरले होते, आणि त्यांतल्या अनेकांना हा क्रमांकच नव्हता किंवा हजारो फोनांना एकच क्रमांक होता. अशा फोनचा माग काढता येत नाही, म्हणून दूरसंचार विभागाने ३० नोव्हेंबर २००९ नंतर त्यांची सेवा तोडण्याचे आदेश दिले. सुरक्षेच्या दृष्टीने आदेश योग्यच होता. पण फटका बसला तो ज्याने भर बाजारातल्या दुकानातून रोख पैसे मोजून फोन घेतला होता त्याला. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने १९९ रुपयांत खरा क्रमांक बसवून देण्याची सोय केली, त्यामुळे काही फोन वाचले. आयात करणाऱ्याने जी तपासणी करायला हवी होती, तिचा खर्च असा शेवटी गिऱ्हाइकाने भरला. चोरीचे फोन सगळ्या नेटवर्कवर बंद पाडणारी सीईआयआर ही केंद्रीय नोंदवही बऱ्याच उशिरा, सप्टेंबर २०१९ मध्ये, महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ संकेतस्थळाद्वारे देशभर खुली झाली. आता वापरलेला फोन घेण्याआधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून क्रमांक पाहता येतो आणि तो खरा आहे का, हे तिथे तपासता येते. ही सोय अजून पुरेशा लोकांना माहीत नाही.

२०१४ साली दुकानच बाजूला पडले. फेब्रुवारीत मोटो जी हा फोन केवळ फ्लिपकार्टवर विक्रीला आला, आणि २२ जुलैला शाओमीचा मी ३ आला. त्याची किंमत १३,९९९ रुपये होती, आधी नाव नोंदवणे सक्तीचे होते, आणि ठरलेल्या मिनिटाला हजारो लोकांनी एकाच वेळी बटण दाबल्यामुळे संकेतस्थळ कोलमडले. पुढच्या फेऱ्यांत साठा काही सेकंदांत संपू लागला. डिसेंबरमध्ये आलेला वनप्लस वन तर आमंत्रण मिळाल्याशिवाय घेताच येत नव्हता. त्यातल्या सायनोजेन या प्रणालीच्या हक्कांवरून मायक्रोमॅक्सने दावा लावल्यामुळे दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्याच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली, आणि खंडपीठाने ती काही दिवसांतच उठवली. पैसे असूनही वस्तू मिळत नाही, हा स्कूटर आणि टेलिफोनच्या प्रतीक्षायादीच्या काळातला अनुभव एका नव्या पिढीला असा संगणकासमोर आला. ऑनलाइन विक्रीने किमती खाली आणल्या हे खरे. पण तालुक्याच्या गावातल्या ज्या दुकानदाराकडे फोन हातात घेऊन पाहता येई, त्याच्याकडे ती मॉडेलेच येईनाशी झाली. एकाच संकेतस्थळावर विक्रीची सक्ती करू नये, असा नियम फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला, तोवर सवयी बदलून गेल्या होत्या.

फोन हातात घेऊन पाहण्याचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळ्याने सांगायला नको. अनेक जुन्या फोनवर देवनागरी संदेशाच्या जागी नुसते चौकोन दिसत. पुढे अक्षरे आली, पण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र कित्येक फोनांवर मोडकाच उमटे, कारण हे जोडाक्षर हिंदीला लागत नाही आणि टंक बनवणाऱ्यांनी हिंदीपुरतेच काम पाहिलेले असे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व बावीस अनुसूचित भाषांतला मजकूर वाचता येण्याची आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भाषेत तो लिहिता येण्याची सोय आवश्यक ठरवली. दुकानातल्या काचेमागचा डमी पीस मात्र चालूच होत नाही, आणि संकेतस्थळावरच्या तपशिलांत अर्ध्या र ला रकाना नसतो.

नेटवर्कच्या बदलांनी याच अडचणीला आणखी एक पदर जोडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, आणि तिच्यात साधा कॉलही फोर-जीवरूनच, म्हणजे व्होल्टी पद्धतीने, जात होता. वर्ष-दीड वर्षापूर्वी ‘फोर-जी’ असे ठळक लिहिलेला फोन घेतलेल्या अनेकांना तेव्हा कळले, की आपल्या फोनवर इंटरनेट चालेल, पण बोलण्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागेल. फाइव्ह-जीच्या वेळी हेच अधिक लांबले. भारतात फाइव्ह-जी फोन २०२० च्या सुरुवातीपासून विकले जात होते. सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. अडीच वर्षे लोकांनी नसलेल्या नेटवर्कसाठी जास्तीचे पैसे मोजले. सेवा आल्यावरही सॉफ्टवेअर अपडेटची वाट पाहावी लागली; आयफोनधारकांना ती सोय डिसेंबरमध्ये मिळाली. खोक्यावरचे ‘५जी’ हे अक्षर खोटे नव्हते. कोणत्या बँडवर (म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर), कोणत्या कंपनीचे आणि केव्हापासून, हे त्यात नव्हते.

किमतीचे गणितही याच काळात गुंतागुंतीचे झाले. मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. आयात हँडसेटवरचे मूळ सीमाशुल्क २०१७ मध्ये १० टक्के होते, ते २०१८ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले आणि जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आले. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने पर्यावरणाचे कारण देऊन आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला, आणि चार्जर हा वेगळा खर्च झाला. सर्वांत मोठी गफलत मात्र ‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांनी केली. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते आणि व्याजाची रक्कम प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपवली जाते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. आजच्या योजनेत बहुधा व्याजाइतकी सूट आधी दिली जाते आणि मग कर्जावर ते व्याज लावले जाते. समजा, २४,००० रुपयांच्या फोनवर व्याज १,००० रुपये होते. तेवढी सूट मिळते, पण त्या व्याजावर १८ टक्क्यांनी १८० रुपये जीएसटी लागतो, वर प्रक्रिया शुल्क, आणि रोखीने घेणाऱ्याला जी सवलत मिळाली असती ती जाते ती वेगळीच. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे आणि न मागितलेली वस्तू खरेदीत सरकवणे यांसह तेरा फसव्या पद्धतींना मनाई केली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

या सगळ्याहून महत्त्वाचा प्रश्न फोनच्या आयुष्याचा आहे. स्मार्टफोन जुना होतो तो बहुतेकदा सॉफ्टवेअर थांबल्यामुळे. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने भारतातूनच अँड्रॉइड वन हा उपक्रम सुरू केला, तेव्हा स्वस्त फोनलाही वेळेवर अपडेट मिळतील हे त्याचे मुख्य आश्वासन होते. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्या त्यात होत्या. तो फार काळ मूळ धरू शकला नाही. त्याऐवजी फोन आधीच भरलेल्या, काढता न येणाऱ्या ॲपांनी जड होत गेले. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यामागे आपली ॲपे फोनमध्ये आधीच घालण्याची सक्ती हे एक कारण होते.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून प्रत्येक स्मार्टफोनबरोबर एक लेबल येते. बॅटरी किती टिकेल, फोन किती वेळा पडला तरी चालेल, तो दुरुस्त करणे किती सोपे आहे, हे त्यावर दिसते; त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग मिळण्याची हमी तिथल्या नियमांत आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि पुढे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल आणले. सप्टेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये मोबाइल आणि टॅबलेटसाठी दुरुस्तियोग्यता निर्देशांकाचा आराखडा सादर केला. फोन उघडणे किती सोपे, सुटे भाग मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ, असे निकष लावून कंपनीने स्वतःच गुण जाहीर करावेत, अशी त्यात कल्पना आहे.

माझ्या घरात गेल्या दोन फोनची खोकी जपून ठेवलेली आहेत. त्यांच्यावर सर्व करांसह कमाल किंमत आहे, निर्मितीचा महिना आहे, आयएमईआय आहे, ग्राहकसेवेचा पत्ता आहे. शेवटचा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, ते दोन्हींवर नाही.