पाण्यावरचे १२१, मिठावरचे २२२

गेल्या गणपतीत सोसायटीच्या प्रश्नमंजूषेचे प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘शिडाच्या जोरावर माणूस जास्तीत जास्त किती वेगाने गेला आहे?’ असा एक प्रश्न होता आणि माझ्या चिठ्ठीवर उत्तर होतं, ताशी १२१ किलोमीटर. आठवीतल्या एका पोराने ठणकावून २२२ सांगितलं. मी त्याला शून्य दिलं आणि तेच गुण १२१ म्हणणाऱ्या दुसऱ्या संघाला दिले. रात्री घरी येऊन पाहतो तर पोरगं बरोबर होतं. तसा मीही बरोबर होतो. घोळ प्रश्नातच होता.

१२१ हा आकडा पाण्यावरचा. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी नामिबियातल्या वॉल्विस बे इथे पॉल लार्सन या ऑस्ट्रेलियन खलाशाने ‘वेस्टास सेलरॉकेट २’ ही बोट ५०० मीटर अंतरात सरासरी ६५.४५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) वेगाने नेली. २२२ हा जमिनीवरचा. ११ डिसेंबर २०२२ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या लेक गेर्डनर या कोरड्या मिठाच्या सरोवरावर ग्लेन ॲशबी यांनी ‘होरोनुकू’ ही चाकांची शीडगाडी ताशी २२२.४३ किलोमीटरला पोचवली. तीही न्यूझीलंडच्या एका नौकाशर्यत संघाने, म्हणजे बोटवाल्यांनीच बांधलेली. दोन्हींवर कापडी शिडाऐवजी विमानाच्या पंखासारखा ताठ उभा पंख, दोन्हींत इंजिन नाही, दोन्ही बातम्यांत शब्द तोच, ‘सेलिंग’. गोंधळ न झाला तरच नवल.

आधी दोघांत सारखं काय ते बघू. होरोनुकू धावली तेव्हा वारा होता साधारण २२ नॉटचा, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटर. चाळीसच्या वाऱ्यावर सव्वादोनशेचा वेग! शीड म्हणजे मागून ढकलणारा वारा, असं डोक्यात पक्कं बसलेलं असेल तर हे गणित कधीच सुटणार नाही. फणसाची ओली, बुळबुळीत आठळी चिमटीत धरून दाबून बघा. बोटं हलतात जेमतेम दोरा-दोन दोरे, आठळी मात्र सुळकन पार अंगणात. बोटांनी तिला पुढे ढकललेलं नसतं, दोन्हीकडून फक्त दाबलेलं असतं. शीडवाहनाचंही तसंच. वारा आडवा घ्यायचा. पंखावरचा वाऱ्याचा दाब हे एक बोट. वाहनाला बाजूला सरकू न देणारं जे काही खाली असेल, ते दुसरं बोट. या दोघांच्या मधून वाहन पुढे निसटतं.

शिवाय वेग वाढला की समोरून येणारा वाराही वाढतो. सायकल जोरात मारताना वारा नसलेल्या दिवशीही तोंडावर लागतो तोच हा. खरा वारा आणि हा स्वतःच्या वेगाचा वारा यांची बेरीज पंखाला मिळते. मात्र ती मिळते अधिकाधिक समोरून. ढोबळ हिशेब केला तर सेलरॉकेटला वारा लागत होता नाकापासून पंचवीसेक अंशांवरून आणि होरोनुकूला जेमतेम दहा अंशांवरून. इतक्या समोरच्या वाऱ्यातून पुढे जाण्यापुरतं काही पिळून काढायचं, तर वाहनाचा प्रत्येक अडथळा खुपतो.

म्हणजे पहिलं बोट दोघांचं सारखंच. १२१ आणि २२२ यांच्यातला फरक आहे तो दुसऱ्या बोटाचा.

बोटीचं दुसरं बोट पाण्यात असतं. फॉइल म्हणतात त्याला, पाण्याखालचं पातं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, त्यामुळे पातं लहान असलं तरी चालतं. पण वेग पन्नास नॉटच्या आसपास गेला की वेगळीच अडचण उभी राहते. पात्याच्या एका बाजूला दाब इतका उतरतो की तिथलं पाणी थंडगार असूनही उकळतं, त्याचे बुडबुडे होतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. मच्छीमार बोटीच्या जुन्या पंख्याची पाती कधी जवळून पाहिलीत तर कडेला देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. ते बहुधा याच बुडबुड्यांनी फुटता फुटता कोरलेले असतात. पंख्याची फक्त झीज होते. विक्रमाच्या बोटीची पकडच जाते. चिमटीतलं एक बोट अचानक नाहीसं झालं तर आठळीचं काय होईल?

फ्रान्सच्या ‘इद्रोप्तेर’ या बोटीने २००९ मध्ये ५०० मीटरला ५१.३६ नॉट गाठले, ते या भिंतीला टेकूनच. लार्सन यांची बोटही सुरुवातीला तिथेच येऊन अडली. मग त्यांनी सुबक, गोलसर पात्याचा नाद सोडला आणि कुऱ्हाडीच्या पात्यासारखं फॉइल लावलं, पुढे धारदार, मागे बोथट. बुडबुडे टाळायचेच नाहीत, उलट पृष्ठभागावरची हवा पात्याच्या एका बाजूला खाली ओढून घ्यायची आणि ती पोकळी स्थिर ठेवायची. हे पातं कमी वेगात अगदीच ढब्बू, पण भिंतीपलीकडे गेलं की झकास. त्या नोव्हेंबरात आधी ५९.२३ नॉट झाले आणि लगेच पुढच्या काही दिवसांत ६५.४५. पाऊण-एक नॉटने विक्रम सरकवण्याच्या या खेळात एका महिन्यात आधीच्या विक्रमापेक्षा जवळजवळ दहा नॉटची उडी! मला तरी या सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

बोट उलटणं ही दुसरी भीती. पहिली सेलरॉकेट २००८ मध्ये हवेत उसळून कोलांटी मारून पडली होती. लार्सन त्यातून वाचले. दुसरीत आडव्या लांब दांडीच्या एका टोकाला तिरका पंख आणि दुसरीकडे तिरकं फॉइल अशी मांडणी केली. रस्सीखेचीतल्या दोन संघांसारखी दोघांची ओढ एकाच रेषेत. बोटीला उलटवायला काही उरतच नाही. किंमत एवढीच की ती विक्रमी धाव घेते ती वारा एकाच बाजूने घेऊन. परतताना तो थाट नाही.

गाडीचं दुसरं बोट म्हणजे चाकं. चाक आडवं सरकायला विरोध करतं, पुढे जायला फारसा नाही. चिमटीसाठी याहून चांगलं बोट नाही. उकळायला इथे पाणीच नाही. म्हणूनच पन्नास नॉटची भिंत जमिनीवर कुणाला ठाऊकच नाही. ‘ग्रीनबर्ड’ गाडीने २००९ मध्येच अमेरिकेतल्या इव्हानपाह या कोरड्या तळ्यावर ताशी २०२.९ किलोमीटर गाठले होते. इथे त्रास देते ती हवा, आणि आडव्या दाबाखाली चाकाची पकड सुटण्याची भीती. आणि पाऊस! होरोनुकूवाले २०२२ मध्ये तयारीने गेले आणि सरोवरात पाणी भरलं. शिडाच्या माणसांना पाणी आटायची वाट बघत महिनोन् महिने बसावं लागलं.

दोन आकडे शेजारी ठेवताना आणखी एक लक्षात ठेवायचं. पाण्यावर मोजतात तो ५०० मीटरचा सरासरी वेग. लार्सन यांना त्याला साधारण पंधरा सेकंद लागले. एखादा क्षण जास्त वेग आला तर तो जमेस नाही. जमिनीवर मात्र काही सेकंदांचा कळसाचा वेग धरतात. १२१ सरासरी आणि २२२ कळस, म्हणजे एक किलो तांदूळ आणि एक लिटर तेल यांतलं जास्त कोण असा प्रकार.

आपल्याकडे शिडाचा विक्रम म्हटलं की गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ आठवते. लार्सन यांनी ती पंधरा सेकंदं घालवली त्या दिवशी अभिलाष टॉमी म्हादेईवर एकटेच समुद्रात होते. १ नोव्हेंबरला मुंबईहून निघाले होते, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायला. तो हिशेब दिवसांत, हा सेकंदांत. त्याचा प्रश्न मी वेगळा काढेन.

पाण्यावरचा आकडा आता हलवायला बघतोय तो स्वित्झर्लंडचा ‘एसपी ८०’ संघ. पंखाऐवजी पतंग लावून ८० नॉट, म्हणजे ताशी १४८ किलोमीटर, हे त्यांचं लक्ष्य. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत.

पोराकडे दुसऱ्या दिवशी गेलो आणि चूक कबूल केली. मंडळाच्या वहीत त्याच्या संघाला गुण लिहून दिले, दुसऱ्या संघाचे काढले नाहीत. त्याने विचारलं, ‘काका, मग बर्फावर किती?’